हवेतले परागकण सूक्ष्मदर्शकाखाली कसे ओळखावेत: ठाणे-नवी मुंबईतल्या नवशिक्यांसाठी

वर्तकनगरला आमच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत मी पहिली स्लाइड ठेवली ती ऑक्टोबरात. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली गोल, गुळगुळीत, पारदर्शक कण दिसले, पंचवीस-तीस मायक्रॉनचे (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). हाताशी असलेल्या छापील तक्त्यात गवताचा परागकण जवळपास असाच दिसत होता, म्हणून वहीत ‘गवत’ लिहिलं. तीन आठवडे रोज तेच लिहीत राहिले. मग वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका ओळखीच्या बाईंनी माझी एक न झाकलेली स्लाइड पाहिली, तिच्यावर पातळ आयोडीनचा थेंब सोडला आणि ते कण माझ्या डोळ्यांदेखत निळे-काळे झाले. ते पीठ होतं. आमच्या इमारतीखाली गिरणी आहे.

बाईंनी तेव्हा एवढंच सांगितलं: “आधी गल्लीतली फुलं बघ, मग हवा बघ.” हा सगळा लेख त्या वाक्याभोवती आहे. छापील तक्ते आणि फोटो बहुतेक थंड देशांतले असतात. त्यांत बर्च, हेझल, पाइन भेटतात. आपल्या गल्लीतला पर्जन्यवृक्ष, नाल्याकाठचा एरंड किंवा रिकाम्या प्लॉटवरचा कुरडू त्यांत नसतो. म्हणून तुमचा खरा तक्ता तुम्हीच, तुमच्या परिसरातल्या फुलांपासून तयार करायचा आहे. त्याला दोन-तीन महिने लागतात. हे महिने वाचवायला गेलात तर माझ्यासारखं पीठ मोजत बसाल.

१. लागणारं सामान

- सूक्ष्मदर्शक: कॉलेजात वापरतात तसा साधा कंपाउंड, १०x आयपीस (डोळा लावायचं भिंग) आणि ४x, १०x, ४०x ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडकडची भिंगं) असलेला. खाली कंडेन्सर, म्हणजे प्रकाश एकवटणारं भिंग, आणि प्रकाश कमी-जास्त करायची झडप हवीच. १००x तेलाचं ऑब्जेक्टिव्ह असलं तर उत्तम, पण नव्वद टक्के काम ४०x वर होतं.
- आयपीसमध्ये बसणारी मोजपट्टीची चकती, आणि एका दिवसापुरता कुणाकडून तरी उसना आणलेला स्टेज मायक्रोमीटर.
- स्लाइड. एका टोकाला दुधी काच असलेल्या घ्या, त्यावर पेन्सिलीने लिहिता येतं.
- २२ × २२ मिलिमीटरच्या कव्हरस्लिप.
- औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीन, व्हॅसलीन, टिंक्चर आयोडीन आणि स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल.
- जिलेटिन, आणि सॅफ्रॅनिन हा लाल रंग. दोन्ही प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतात.
- दोन सुया, चिमटा, ड्रॉपर, रंगहीन नेलपॉलिश, वही.

खरेदीत दोन ठिकाणी फसायला होतं. पहिलं म्हणजे ‘१२०० पट’ लिहिलेला खेळण्यातला सूक्ष्मदर्शक. त्यात कण मोठा दिसतो, पण त्याची भिंत आणि छिद्रं दिसत नाहीत, आणि ओळख त्यांच्यावरूनच पटते. त्यापेक्षा कॉलेजने काढलेला जुना, वापरलेला सूक्ष्मदर्शक कितीतरी चांगला. दुसरं, जिलेटिन म्हणून किराणा दुकानदार चायना ग्रास हातावर ठेवतो. ते समुद्रशैवालापासून बनतं, वेगळ्या तापमानाला वितळतं आणि आपल्या कामाला येत नाही. जिलेटिन प्राणिज असल्यामुळे वापरायचं नसेल तर नुसतं ग्लिसरीन घ्या. स्लाइड फार काळ टिकणार नाही, पण शिकण्यात काही उणं पडणार नाही.

सूक्ष्मदर्शक आणल्यापासून त्याला पावसाळ्यात जपायची सवय लावा. ठाण्यात जून ते सप्टेंबर काचेच्या भिंगांवर बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले की समजायचं उशीर झाला, कारण बुरशी काचेवरचा लेप खाते आणि पुसून तो परत येत नाही. घट्ट झाकणाचा मोठा डबा, आत सिलिका जेल, आणि जेलचा रंग बदलला की ते तव्यावर मंद आचेवर सुकवून परत आत. उघड्यावर ठेवायचा असेल तर निदान रोज वापरा.

२. मोजपट्टी बसवून घ्या

हे काम एकदाच करायचं असतं आणि बहुतेक जण नेमकं तेच टाळतात. आयपीसमधल्या चकतीवर नुसत्या रेघा असतात, त्यांना माप नसतं. स्टेज मायक्रोमीटरवर १ मिलिमीटरचे १०० भाग केलेले असतात, म्हणजे एक भाग १० मायक्रॉन. ४०x लावा, दोन्ही पट्ट्या एकमेकींवर आणा आणि किती रेघा किती भागांवर बसतात ते पाहा. समजा आयपीसच्या ४० रेघा स्टेजच्या १० भागांवर नेमक्या बसल्या, तर १०० मायक्रॉन भागिले ४०, म्हणजे एक रेघ अडीच मायक्रॉन. हा आकडा कागदावर लिहून सूक्ष्मदर्शकाच्या बुडाला चिकटवा. प्रत्येक ऑब्जेक्टिव्हचा आकडा वेगळा येतो. त्याच वेळी ४०x वर दिसणाऱ्या गोलाचा व्यासही मोजून ठेवा, पुढे मोजणीत लागेल. माझ्याकडे तो ०.४५ मिलिमीटर आहे.

३. ग्लिसरीन जेली करा

जिलेटिन ५ ग्रॅम, शुद्ध पाणी ३० मिली, ग्लिसरीन ३५ मिली. जिलेटिन पाण्यात तासभर भिजू द्या. मग वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून विरघळवा, ग्लिसरीन घाला आणि सावकाश ढवळा. उकळी आली की जेली नीट धरत नाही, आणि जोरात ढवळलं की बुडबुडे कायमचे आत राहतात. बुरशी धरू नये म्हणून ओव्याच्या फुलाचा एक बारीक खडा टाका. हे ओव्याचं फूल म्हणजे थायमॉल, काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं. शेवटी सॅफ्रॅनिनचे काही थेंब. रंग फिक्या गुलाबी सरबतासारखा हवा. गडद झाला तर कणाच्या भिंतीवरची नक्षी बुडते. लहान बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा, बाटलीवर ठळक अक्षरात ‘खाण्याचे नाही’ लिहा.

परागकणांच्या पुस्तकांत ॲसिटोलिसिस नावाची पद्धत वाचाल. गुन्नार एर्टमान या स्वीडिश शास्त्रज्ञाने ती रूढ केली. ॲसेटिक ॲनहायड्राइड आणि तीव्र गंधकाम्ल ९:१ या प्रमाणात घेऊन त्यात परागकण तापवतात. आतलं सगळं जळून जातं आणि कवच स्वच्छ दिसतं. परागकणाचं बाहेरचं कवच स्पोरोपोलेनिन या अतिशय चिवट पदार्थाचं असल्यामुळे ते यातूनही वाचतं. घरी ही पद्धत करू नका. हे मिश्रण पाण्याशी भडकतं, आणि त्यातलं ॲनहायड्राइड आपल्याकडे अमली पदार्थविषयक कायद्याखाली नियंत्रित आहे. आपल्याला लागते तेवढी ओळख गुलाबी जेलीत पटते.

४. गल्लीतल्या फुलांच्या स्लाइड करा

आता खरं काम. घरापासून पाचशे मीटरच्या आतली झाडं, झुडपं, गवतं, तण यांची यादी करा. झाडाचं नाव पक्कं झाल्याशिवाय स्लाइड करू नका. ज्या झाडाबद्दल खात्री नाही त्याची स्लाइड उद्या तुम्हालाच फसवेल. फुलणारी फांदी, पान, साल यांचे फोटो काढून ठेवा.

फूल उमललेलं नको. उमललेल्या फुलावर मधमाशी येऊन गेलेली असते आणि तिच्या पायांवरचे शेजारच्या झाडाचे कण त्यात मिसळतात. त्याच सकाळी उमलेल अशी टपोरी कळी घ्या. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि खाडीकाठची कांदळवनंही संरक्षित आहेत, तिथून काहीही तोडायचं नाही. आपल्या सोसायटीत, रस्त्याकडेला, खाली पडलेल्या ताज्या कळ्यांत पुष्कळ मिळतं.

कृती अशी. पुंकेसराच्या टोकाची पिशवी, म्हणजे परागकोश, स्लाइडवर ठेवा. दोन थेंब अल्कोहोल टाका आणि सुईने कोश फोडा. कणांभोवतीचा तेलकट थर अल्कोहोलमध्ये सुटतो आणि थेंब सुकताना कडेला तेलाची कड बनते. ती कापसाने पुसा, पुन्हा एक-दोन वेळा तसंच करा. तेल राहिलं तर कण एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि भिंत धूसर दिसते. कोशाचे तुकडे काढून टाका. हरभऱ्याच्या डाळीएवढा जेलीचा तुकडा ठेवा, स्लाइड गरम पाण्याने भरलेल्या स्टीलच्या डब्याच्या झाकणावर टेकवा, जेली वितळली की कव्हरस्लिप एका कडेने तिरकी टेकवत सोडा. जवळ गॅस पेटलेला नको, अल्कोहोल चटकन पेट घेतं. पेन्सिलीने नाव, जागा, तारीख लिहा. मार्करने लिहिलेलं अल्कोहोलने पुसून जातं. माझ्या पहिल्या अकरा स्लाइड अशाच बेवारस झाल्या. दोन दिवसांनी कडा नेलपॉलिशने बंद करा.

पहिली स्लाइड जास्वंदीची करा. तिचा परागकण हवेत तरंगत नाही, फार जड असतो. पण शंभर मायक्रॉनहून मोठा आणि सगळीकडून काटेरी, त्यामुळे नवशिक्याच्या डोळ्याला तो लगेच सापडतो आणि फोकस कसा फिरवायचा हे शिकवतो. त्यानंतर सोनमोहर, एरंड, नारळ, आघाडा, आणि कुठलंही एक फुललेलं गवत.

५. कसं पाहायचं

यात सर्वांत जास्त वेळ द्या. एकेका कणापाशी दहा-दहा मिनिटं बसायला हरकत नाही.

प्रत्येक कणाला चार प्रश्न विचारायचे. केवढा आहे? आकार काय? भिंतीत दारं किती आणि कशी? भिंतीवर नक्षी कोणती?

यात दारं सर्वांत महत्त्वाची. परागकणातून नळी बाहेर पडायला भिंतीत पातळ जागा असतात. ती जागा गोल असेल तर छिद्र, लांबट असेल तर खाच. काही कणांत खाचेच्या मधोमध छिद्र असतं. खाच एक की तीन, छिद्र एक की तीन की अंगभर, एवढं कळलं की अर्ध्याहून जास्त शक्यता गळून पडतात.

नवशिक्यांना चकवणारी गोष्ट अशी की एकच कण दोन बाजूंनी पाहिला तर दोन वेगळे कण वाटतात. तीन खाचांचा कण वरून पाहिला तर तीन पाकळ्यांचा दिसतो, आणि आडवा पडला तर लंबगोल, एक-दोन उभ्या रेघा असलेला. मी एरंडाला सुरुवातीला दोन नावं दिली होती. यावर उपाय सोपा आहे. जेली कोमट असताना, किंवा नुसत्या ग्लिसरीनमध्ये कधीही, कव्हरस्लिपच्या कडेला सुईच्या टोकाने हलकेच ढोसा आणि डोळा आयपीसलाच ठेवा. कण लोळतो. लोळताना त्याच्या खाचा एकेक करून समोर येतात. हे पहिल्यांदा पाहाल त्या दिवशी सपाट चित्रातून एक वस्तू उठून उभी राहते, आणि मग ती विसरत नाही.

दुसरं कौशल्य नक्षी वाचण्याचं. ४०x वर सोनमोहराचा कण घ्या, प्रकाशाची झडप थोडी बंद करा आणि फोकस कणाच्या अगदी वरच्या पृष्ठभागावर आणा. आता बारीक फोकसचं चाक एक केस खाली फिरवा. वर असताना ज्या रेषा उजळ होत्या त्या काळ्या होतात आणि मधली भोकं उजळतात. म्हणजे रेषा हे उंचवटे आहेत, भोकं हे खळगे. भिंतीवर उठावाची जाळी आहे. नियम असा: उंचवटा वरच्या फोकसला उजळ दिसतो आणि खाली जाताना काळवंडतो, खळग्याचं याच्या उलट. काटे, जाळी, खळगे, रेघोट्या हे सगळं याच एका चाकावर वाचायचं असतं. उजवा हात कायम त्या चाकावर असू द्या. स्थिर फोकसमध्ये पाहिलेल्या कणाला नाव देऊ नका.

माप घेताना एका कणावर थांबू नका. निदान दहा कण मोजा आणि ‘२४ ते ३१’ असं लिहा. कोरडा परागकण मनुकेसारखा आक्रसतो, पाण्यात फुगतो, ग्लिसरीन जेलीत तर महिनोन् महिने हळूहळू फुगत जातो. म्हणून तुमच्या गल्लीतल्या स्लाइड आणि हवेतल्या स्लाइड एकाच जेलीत करा, म्हणजे तुलना खरी ठरेल. साध्या पाण्याच्या थेंबात गवताचे कण पाहू नका, ते कधीकधी फुटून आतले पिठूळ कण बाहेर सांडतात. वादळी पावसात हवेतही असंच होतं आणि ते सूक्ष्म तुकडे श्वासात खोल जातात. २१ नोव्हेंबर २०१६ ला मेलबर्नमध्ये हजारो लोकांना एकाच संध्याकाळी दम्याचा त्रास झाला, त्याचा संबंध याच गोष्टीशी जोडला जातो.

६. हवेतले कण धरा

मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली यांनी दीडशे वर्षांपूर्वी चिकट काचपट्ट्या उघड्या हवेत ठेवून, काही तर पतंगाला बांधून, परागकण मोजले होते. त्यांचे प्रयोग १८७३ साली प्रसिद्ध झाले. आपणही तेच करणार आहोत, फक्त पावसापासून आडोसा घेऊन. ड्युरॅम सापळा म्हणतात त्याला: २३ सेंटिमीटर व्यासाच्या दोन तबकड्या, मध्ये साडेसात सेंटिमीटर अंतर, आणि खालच्या तबकडीपासून अडीच सेंटिमीटर वर आडवी ठेवलेली स्लाइड. मी दोन स्टीलच्या थाळ्या आणि तीन लांब बोल्ट वापरले. वेल्डिंगवाल्याकडे अर्ध्या तासात झालं.

जागा गच्चीची, कठड्यापासून दूर, पाण्याच्या टाकीच्या आडोशात नको. एसीचं बाहेरचं यंत्र, स्वयंपाकघराचा पंखा, गिरणी, बांधकाम यांच्यापासून लांब. सोसायटीची परवानगी घ्या आणि थाळीवर मोठ्या अक्षरात ‘प्रयोग चालू आहे, हात लावू नये’ असं लिहा. आमच्या गच्चीवर झाडायला येणाऱ्या मावशींनी पहिल्या आठवड्यात काच चिकट झाली म्हणून दोनदा मनापासून पुसून ठेवली होती. त्यांना एकदा वर बोलावून आयपीसमधून जास्वंद दाखवली. त्यानंतर वारा आला की त्याच कळवतात, “ताई, तुमची थाळी हालतेय.”

स्लाइडवर व्हॅसलीनचा थर इतका पातळ हवा की बोट फिरवल्यावर काच फक्त किंचित धुरकट दिसावी. जाड थरात कण बुडतात आणि फोकस होत नाहीत. सकाळी नऊला ठेवा, दुसऱ्या दिवशी नऊला काढा, झाकणाच्या डब्यात घरी आणा, लगेच गुलाबी जेली आणि कव्हरस्लिप. सोबत एक कोरी स्लाइड व्हॅसलीन लावून डब्यातच ठेवा आणि तीही पाहा. तिच्यावर जे दिसेल ते तुमच्या घरातलं आहे, हवेतलं नव्हे.

एक मर्यादा स्वच्छ समजून घ्या. या सापळ्यात कण स्वतःच्या वजनाने पडतात, म्हणून मोठे कण जास्त पकडले जातात आणि लहान कमी. ‘एका घनमीटर हवेत इतके कण’ असं यावरून म्हणता येत नाही. त्यासाठी हवा ओढून घेणारा सापळा लागतो. हर्स्ट या शास्त्रज्ञाने १९५२ मध्ये मांडलेल्या रचनेवर बनलेली यंत्रं मिनिटाला १० लिटर हवा ओढतात. ती संस्थांकडे असतात, आपल्याला त्यांची गरज नाही.

७. मोजणी

अख्खी कव्हरस्लिप ४०x वर पाहायला दिवस जाईल. त्याऐवजी अंतराअंतरावर पाच सरळ पट्टे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पाहा. माझ्या सूक्ष्मदर्शकात २२ गुणिले ०.४५ गुणिले ५, म्हणजे साधारण ५० चौरस मिलिमीटर, अर्धा चौरस सेंटिमीटर. आलेला आकडा दुप्पट केला की एका चौरस सेंटिमीटरवरचे कण मिळतात. पाचही पट्टे एकाच बाजूला घेऊ नका, वाऱ्यामुळे कण एका कडेला जास्त साचलेले असतात.

८. आपल्याकडे भेटणारे ओळखीचे चेहरे

*गवतं.* गोल, बहुधा २५ ते ४५ मायक्रॉन, भिंत पातळ आणि जवळजवळ गुळगुळीत, एकच छिद्र. छिद्राभोवती जाडसर कडं असतं, हंड्याच्या तोंडासारखं. ते कडं दिसेपर्यंत गवत म्हणू नका. साध्या सूक्ष्मदर्शकात एका गवतापासून दुसरं वेगळं काढता येत नाही, म्हणून फक्त ‘गवतकुळ’ लिहा. मका तेवढा शंभरच्या जवळ जातो म्हणून उठून दिसतो. पावसाच्या शेवटी, गणपतीच्या आसपासपासून, डोंगरउतारांवर आणि रिकाम्या प्लॉटवर गवत फुलतं तेव्हा यांची संख्या चढते.

*माठ, काटेमाठ, आघाडा, कुरडू.* गोल आणि अंगभर छिद्रं, हुबेहूब बुंदीच्या झाऱ्यासारखी. २० ते ३० मायक्रॉन. पाहताक्षणी ओळखू येतात, पण यांच्यात आपसात भेद करायला जाऊ नका. नवरात्र-दिवाळीच्या काळात भरपूर.

*गाजर गवत.* १५ ते २० मायक्रॉन, आखूड जाड काटे, तीन खाचा. झेंडू-सूर्यफुलाच्या कुळातले इतर कणही काटेरीच असतात, म्हणून मापाकडे आणि काट्याच्या लांबीकडे लक्ष द्या. शेजारी झेंडूची स्लाइड ठेवून एकदा तुलना करा, खुलासा होतो.

*एरंड.* तीन खाचा, प्रत्येकीच्या मध्ये छिद्र, पृष्ठभाग बारीक जाळीदार, २५ ते ३० च्या आसपास. त्याचे परागकोश फट्कन उघडून पराग उडवतात. नाल्याकाठी, रुळांकडेला एरंड वर्षभर फुलत असल्यामुळे हा कण बाराही महिने तुरळक भेटतो.

*सुरू.* गोलसर त्रिकोण, तीन कोपऱ्यांत तीन छिद्रं, छिद्रापाशी भिंत किंचित फुगलेली. याच्याशी गोंधळ होतो तो *नीलगिरी आणि जांभळाचा*. तेही त्रिकोणी, पण लहान, कोपरे समोशासारखे टोकदार, आणि बारीक खाचा कोपऱ्यांकडून मध्याकडे धावतात. नीलगिरी आणि जांभूळ एकाच कुळातले, त्यामुळे झाड फुललंय का हे पाहूनच ठरवा.

*बाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ, शिरीष, पर्जन्यवृक्ष.* यांचे कण सुटे नसतात, पुंजक्याने राहतात. सीताफळाच्या पाठीसारखा दिसणारा गोळा दिसला की या गटातलं काहीतरी आहे. बाभळीच्या गोळ्यात सहसा १६ कण. पर्जन्यवृक्षाचा गोळा त्याहून बराच मोठा, शंभर मायक्रॉनच्या वर. मार्च ते मे रस्त्यावर गुलाबी फुलांचा सडा पडतो तेव्हा बघा.

*नारळ.* लांबट, गव्हाच्या दाण्यासारखी एकच खाच. ताडवर्गातली इतर शोभेची झाडंही जवळपास अशीच.

*पाणकणीस.* ऐरोली, घणसोली, कोपरी अशा खाडीलगतच्या भागात राहणाऱ्यांनी हा शिकून घ्यावा. एक छिद्र, पृष्ठभाग जाळीदार. एक छिद्र पाहून गवत म्हणायचा मोह होतो, पण गवताची भिंत गुळगुळीत असते. खाडीकाठच्या वाचकांना वाटतं कांदळवनाचे पराग खूप दिसतील. ठाणे खाडीत सर्वांत जास्त आहे ती तिवर, आणि तिचं परागीभवन मुख्यतः कीटकांकडून होतं, म्हणून ती हवेत अपेक्षेपेक्षा बरीच कमी भेटते.

९. परागकण नसलेले

पहिल्या दहा स्लाइडवर दिसलेल्यातलं बहुतेक परागकण नसेल. पावसाळ्यात तर बुरशीचे बीजाणू इतके असतात की त्यांच्यामागे पराग शोधावा लागतो. ते बहुधा तपकिरी असतात, गुलाबी रंग घेत नाहीत, आणि अनेकांच्या आत आडव्या-उभ्या भिंती दिसतात. काही शेपटीवाले, काही केळ्यासारखे वाकलेले.

पिठाचे कण ओळखायला आयोडीन. गव्हाचे मोठे कण २० ते ३५ मायक्रॉनचे असतात, गवताच्या मापाचेच. आयोडीनने ते पूर्ण काळे होतात. गवताच्या परागकणातही पिठूळ द्रव्य असतं, त्यामुळे तोही आतून काळवंडतो. पण त्याला भिंत असते, छिद्र असतं, पिठाला दोन्ही नसतं.

हवेचा बुडबुडा: काळी जाड कड, मध्ये लख्ख उजेड, फोकस फिरवला की कड आत-बाहेर सरकते. नेच्यांचे बीजाणू: पावसाळ्यात जुन्या भिंतींवरचे नेचे भरपूर सोडतात. काहींवर तीन फाट्यांची खूण असते, काही घेवड्याच्या बीसारखे, एकच व्रण असलेले, आणि तेच नारळासारखे वाटतात. फुलपाखरांच्या पंखांवरचे खवले, पानांवरची लव, दिवाळीतली काजळी, सिमेंटची धूळ यांचेही एकेक चित्र वहीत काढून ठेवा. मी त्यांच्यासाठी वेगळी पानं ठेवली आहेत, त्या पानांनी माझ्या सर्वांत जास्त चुका वाचवल्या.

१०. वही

प्रत्येक स्लाइडला तारीख, जागा, मजला, पाऊस झाला का, वारा कुठून होता, आणि त्या आठवड्यात गल्लीत काय फुललं होतं. शेवटचा रकाना सर्वांत उपयोगी. आणि कणाचं चित्र हाताने काढा, फोटो असला तरी. फोटोत एकच फोकस असतो, चित्र काढताना तुम्ही चाक फिरवत राहता.

घरात कुणाला सर्दी-दमा असेल तर या आकड्यांवरून ‘याला अमक्याची ॲलर्जी’ असं ठरवू नका. ते डॉक्टर त्वचेवरच्या चाचणीने आणि लक्षणांवरून ठरवतात. वही त्यांना दाखवायला मात्र जरूर न्या.

ज्याची खात्री नाही त्याला जवळचं नाव चिकटवू नका. ‘अनोळखी १’, ‘अनोळखी २’ असा क्रमांक द्या, चित्र काढा, स्लाइडवरची जागा लिहून ठेवा. माझ्याकडचा ‘अनोळखी ७’ चौदा महिने तसाच होता: एका टोकाला निमुळता, पेरूसारखा, पातळ भिंतीचा, थोडा चुरगळलेला, दारं अस्पष्ट. माझं गवत, बुरशी, फुटका कण असं सगळं समजून झालं होतं. मग पुढच्या पावसात इमारतीमागच्या गटाराकाठी लव्हाळा फुलला, कसलीही अपेक्षा न ठेवता त्याची स्लाइड केली, आणि ४०x वर शंभर-दीडशे पेरू एकदम समोर आले. जुनी स्लाइड काढली, दोन्ही आळीपाळीने लावून पाहिल्या, दहा-दहा कण मोजले. मग दुधी काचेवरचं ‘अनोळखी ७’ खोडरबराने पुसलं आणि पेन्सिलीने लिहिलं: लव्हाळा-कुळ.